वाकल्यावर मोकळं

रबराचा तो फुगा लिंबाएवढा होता, जरासा चिकट (आधी आत गेलेल्या कुणाच्या तरी तळहाताचा घाम अजून त्यावर असावा), आणि एमआरआयच्या मशीनवाल्या मुलीने तो रंजनाच्या मुठीत ठेवून तिची बोटं एकेक करून त्यावर मिटवली होती. "मावशी, भीती वाटली तर दाबा. पण शक्यतो दाबू नका हं. हललात तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं."

म्हणजे दाबायचा, आणि दाबायचा नाही. रंजनाला हसू आलं असतं, पण हसणं म्हणजेही हलणंच.

पाट आत सरकू लागला. कपाळावरून एक पांढरी कड गेली, मग नाकावरून, मग छातीवरून, आणि सरकणं थांबलं तेव्हा छत इतकं जवळ होतं की तिचा श्वास त्यावर आपटून तिच्याच ओठांवर परत येत होता. कानांवर बसवलेल्या जाड झाकणांतून कुठलंसं गाणं बारीक ऐकू येत होतं. मग तेही बुडालं, कारण मशीनने ठोकायला सुरुवात केली. आधी दारावर मुठीने ठोकावं तसं, मग हायवेवर डांबर फोडतात तसं. बाहेर सोमाटण्याचा रस्ता असेल, ऊन असेल, बाकड्यावर करिष्मा बसली असेल, तिच्या ओढणीच्या टोकाला बांधलेलं आईचं मंगळसूत्र आणि जोडवी. जोडवी निघता निघत नव्हती. करिष्माने नळाखाली साबण लावून काढली, आणि डाव्या पायाचं काढताना म्हणाली, "आई, अंगठा जरा वर कर ना." रंजना म्हणाली, "केलाय." दोघींनी अंगठ्याकडे पाहिलं. तो वर झालेला नव्हता.

सरळ, पाठीवर, पाय लांब करून. असं ती किती दिवसांत झोपली नव्हती. रात्री ती गुडघे पोटाशी घेऊन पडायची, पोटातल्या पोरासारखी, तेव्हा कुठे पाय गप्प बसायचे. इथे गुडघ्यांखाली एक लहान उशी दिली होती, पण तेवढ्याने काय होतं... आता कुल्ल्यापासून मुंग्या निघाल्या, मांडीच्या मागून पोटरीत उतरल्या, आणि पोटरीत त्यांचा विस्तव झाला. हलायचं नाही. पायाला सांगायचं, जळ, पण पडून राहा. पडून राहायचं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, मी शिकवू का तुला? मी माणूस बघितलाय पडून राहिलेला.

"रंजे, कूस."

एवढंच बोलायचा बा. दिवसातून कितीदा तरी. जांभळाची फांदी मोडून तो खाली आला तेव्हा रंजना शाळेत होती, आणि घरी आली तेव्हा तो झोपडीत पडला होता, डोळे उघडे, तोंडाने बोलत होता, दुखतसुद्धा नाही म्हणत होता. फक्त कमरेखाली जे होतं ते त्याचं राहिलेलं नव्हतं. जांभळाची फांदी दगा देते हे वाडीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक, पण लोणावळ्याला त्या दिवसांत गाड्यांची रांग लागते आणि द्रोणातली जांभळं हातोहात जातात, म्हणून तो जरा जास्त वर गेला होता. आई कामावर जायची. शेजारणी विचारायच्या, म्हाताऱ्याजवळ कोण? म्हातारा! तेव्हा त्याचे केससुद्धा पिकले नव्हते. आणि आई सांगायची, "रंजी हाय ना."

रंजी हाय ना. म्हणून शाळा सुटली. कुणी सोडवली नाही, कुणी रागावलं नाही; रोज उद्या जाऊ म्हणता म्हणता ती सुटली. बाच्या खांद्याखाली एक हात, कमरेखाली एक हात, आणि दात आवळून ओढायचं. न हलणारं माणूस केवढं जड असतं ते बघणाऱ्याला कळत नाही. तो वासे बघत पडायचा. छपराचे वासे, मग कुडाची भिंत, मग पुन्हा वासे... आणि आता तिच्या डोळ्यांपुढे वितीवर हे पांढरं छत, त्याला वासासुद्धा नाही, नजर अडकवायला एक फट नाही. ठोकणं थांबलं. झालं वाटतं. मूठ सैल पडली. लगेच दुसरं सुरू झालं, करकरणारं, जास्त जवळचं.

तिने फुगा दाबला नाही. भीती वाटली नाही म्हणून नव्हे. दाबला तर पहिल्यापासून, म्हणून.

आपल्याला काय झालंय हे तिला कुणाला सांगताच आलं नव्हतं, कारण ते तिच्याच कानांना खोटं वाटायचं. दुखणं कसं असावं? काम केलं की वाढावं, बसलं की उतरावं. गुडघा तसा दुखतो, खांदा तसा दुखतो. हिचं दुखणं उफराटं. पॉलिहाऊसमध्ये गुलाबाच्या सऱ्यांतून वाकून तण काढायला लावा, दुपारपर्यंत तक्रार नाही. भात लावायला लावा, चिखलात कमरेत मोडून उलट्या पावली चालत राहील. पण ग्रेडिंगच्या टेबलाशी सरळ उभं राहून दांड्या मापायच्या, लांब दांडीचे गुलाब इकडे, आखूड तिकडे, वीस फुलांचा बंच करून पुठ्ठ्यात गुंडाळायचा, म्हटलं की थोड्याच वेळात पाय भरून यायचे, शिशाचे व्हायचे, आणि ती काहीतरी खाली पडल्याचं निमित्त करून बसायची. एकदा सुपरवायझर अतुल मागे येऊन उभा राहिला होता. तिला वाटलं ओरडेल. तो ओरडला नाही, जवळजवळ प्रेमाने म्हणाला, "रंजनाताई, मघाशी कोल्डरूमपर्यंत भरलेली ट्रॉली तुम्हीच ढकलत नेलीत ना? एकट्यांनी? आणि आता उभं राहवत नाही?"

बाकीच्या बाया फुलांकडे बघत राहिल्या.

खरंच होतं ते. ट्रॉलीच्या दांडीवर कोपर टेकून, पुढे झुकून, ती पार गेटापर्यंत चालत जाऊ शकली असती. ट्रॉली म्हणजे तिची सुटका होती. ट्रॉलीची पाळी दुसरीची असली तरी ती मागून घ्यायची, आणि हे अतुलला कसं सांगायचं, की दादा, वझं ढकलताना मला बरं वाटतं, रिकाम्या हातांनी चालवत न्हाई?

आणि घरी सासू. चिंगाबाई तर दारात बसून वाडीला ऐकू जाईल असं बोलायची. "वाकून भात लावती, पाटी उचलती, आन् सरळ चालायचं म्हनलं की पाय धरती. असलं दुखनं आमी न्हाई बघितलं कुटं." त्या 'न्हाई बघितलं'वर असा काही जोर असायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, म्हातारीने जगातली सगळी दुखणी तपासून पाहिलीत. नवरा संदीप लोणावळ्याच्या एका हॉटेलात होता, सुट्टीला यायचा. तो आईलाही काही बोलायचा नाही आणि बायकोलाही. राग मग कुणावर धरायचा? रंजनाने तो सासूवर धरला. सकाळी उठताना पाठ सरळ झाली नाही की ती मनात म्हणायची, बघतीच तुमाला, आणि तेवढ्या रागाच्या जोरावर उभी राहायची.

"झालं मावशी. खूप छान पडून राहिलात."

पाट बाहेर आला. पांढरं छत मागे गेलं, आणि खोलीचं साधं छत इतकं उंच दिसलं की तिला गरगरलं.

*

डॉक्टर तरुण होते, करिष्मापेक्षा थोडेच मोठे वाटावेत असे, आणि करिष्मा तळेगावला नर्सिंगला आहे हे कळल्यावर तिच्याशीच बोलू लागले. कॉम्प्युटरवर काळ्या-पांढऱ्या रंगात एक उभा कापलेला माणूस होता. तो माणूस म्हणजे आपण, हे रंजनाला कुणी सांगितलं नाही, पण तिने ओळखलं. वरून खाली विटांसारखी हाडं, त्यांच्या मागून उतरणारी एक पांढुरकी वाट, डोंगरातली पाण्याची रेघ दिसते तशी. आणि कमरेपाशी एक वीट पुढे सरकलेली, आणि तिथे ती रेघ चिमटीत धरल्यासारखी बारीक होत जवळजवळ नाहीशी झालेली.

दोघं बोलत होते. आपल्या आत इतकी गर्दी आहे आणि आपल्यालाच तिथे जागा नाही असं काहीतरी रंजनाला वाटत होतं. एवढ्यात डॉक्टर तिच्याकडे वळले.

"मावशी, एक सांगा. ढकलगाडी, सायकल, असं काहीतरी धरून पुढे वाकून चाललं की बरं वाटतं का तुम्हाला?"

तिने दचकून करिष्माकडे पाहिलं. करिष्माला तर हे तिने सांगितलंच नव्हतं.

"ट्रॉली," ती म्हणाली. आवाज खाजगीतलं काही सांगावं तसा निघाला.

डॉक्टर हसले. "सगळे असंच काहीतरी सांगतात. कुणी भाजीची गाडी म्हणतं, कुणी नातवाची बाबागाडी. ही जी नळी आहे ना मणक्याच्या आतली, जिच्यातून पायाच्या नसा जातात, ती तुमची अरुंद झालीय. त्यात हा कमरेचा चौथा मणका पाचव्यावरून पुढे घसरलाय. वाकलं की नळी जराशी उघडते. सरळ झालं की आवळली जाते. तुम्ही सांगताय ते अगदी बरोबर आहे."

सगळे. तो शब्द तिने धरून ठेवला. म्हणजे कुठेकुठे माणसं आहेत, भाजीच्या गाड्यांवर ओणवी झालेली, ज्यांना त्यांच्या घरचे म्हणत असतील... आणि माझं बरोबर आहे. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी म्हटलं, तुमचं बरोबर आहे. तिला आनंद झाला. कमरेत हाड सरकलंय हे ऐकून माणसाला आनंद होतो? झाला मात्र. अतुलला इथे आणून उभं करावं, सासूला खुर्चीवर बसवून हे चित्र दाखवावं, डॉक्टर, सांगा यांना पुन्हा एकदा, असं वाटलं, आणि त्या वाटण्यात काही वेळ गेला, त्यामुळे पुढचं तिला मधूनच ऐकू आलं.

"...मागच्या बाजूचं थोडं हाड काढून नळी मोकळी करायची. पण मणका सरकलेला असल्यामुळे नुसतं तेवढं करून भागणार नाही, स्क्रू आणि सळया घालून दोन मणके एकमेकांना जोडून टाकायचे."

"ट्रान्सफोरामिनल?" करिष्माने विचारलं. लेकीच्या तोंडातून तो शब्द इतका सहज निघाला की रंजनाला ती दूरची वाटली.

"बहुतेक, म्हणजे बाजूने आत शिरून. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आम्ही चालवतो पेशंटला. काही महिने वाकणं बंद, वजन उचलणं बंद. नंतर बरीच कामं करता येतात, पण भातलावणीसारखं काम..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. "मावशी, डावा अंगठा वर ओढा बघू. माझ्या बोटाला जोर लावा."

तिने लावला. सगळा जीव नेऊन त्या अंगठ्यात घातला. डॉक्टरांचं बोट होतं तिथेच राहिलं.

"हे मला आवडत नाहीये. गोळ्या-व्यायामाने दुखणं कमी होतं एकवेळ, पण ताकद जायला लागली की फार थांबू नये. गेलेली ताकद सगळीच्या सगळी परत येते असं नाही."

"आणि ऑपरेशनमध्ये..." करिष्माने विचारलं, "धोका?"

"असतो. नसेला इजा होऊ शकते, इन्फेक्शन होऊ शकतं. क्वचित. पण नाही असं मी म्हणणार नाही."

क्वचित. रंजनाला क्वचित म्हणजे काय ते ठाऊक होतं. वाडीत किती माणसं जांभळावर चढत होती. त्यातला एक पडला. क्वचितच म्हणायचं ते.

*

फाट्यावरच्या टपरीत ती स्टुलावर बसली, कोपरं गुडघ्यांवर टेकून. पाय शांत झाले. समोरून कंटेनर जात होते, आणि त्यांच्या वाऱ्याने चहावर धूळ बसत होती.

"डॉक्टर बोलले ते कळलं ना, आई?"

"कळलं."

"मग?"

"मग काय... फेब्रुवारी तोंडावर आलाय. परदेशाचा माल असतो, व्हॅलेंटाइनच्या गुलाबांचा. आत्ता कशी सुट्टी द्यायचे ते."

"फुलांचं काय घेऊन बसलीस? पाय जाईल तुझा!" बाजूच्या माणसाने मान वळवली तशी करिष्माने आवाज खाली आणला. "आणि घरचं म्हणशील तर मी आहे ना. मी रजा टाकीन. तुझं सगळं करीन मी. अगं, मी आहे ना."

कप बशीवर ठेवताना वाजला. मी आहे ना... रंजी हाय ना. शब्दसुद्धा तेच, फक्त शहरात धुऊन आणलेले. हिला माहीत नाही ही काय बोलतेय. असंच सुरू होतं. एक महिन्याची रजा, मग अजून थोडी, मग परीक्षा पुढच्या वर्षी देऊ, आणि मग एक दिवस शेजारणी विचारतात, रंजीजवळ कोण? ऑपरेशन करावं आणि क्वचित आपल्याच वाट्याला यावं, तरी ही खाटेशी. करू नये आणि पाय हळूहळू जावा, तरी हीच खाटेशी. दोन्हीकडून वाट तिथेच जाते. डॉक्टर म्हणतात नळी आवळली. नळीचं सोडा, मी चहूकडून आवळलेली आहे, आणि इथे कुठे वाकायचं म्हणजे मोकळं होईल ते कुणी सांगत नाही.

"तू तुझं बघ," ती म्हणाली. म्हणायचं होतं दुसरंच.

करिष्माचा चेहरा उतरला. "म्हणजे? माझ्यावर विश्वास नाही तुझा? मी रोज करते ते, आई. परक्या लोकांचं करते. माझ्या हाताखाली पेशंट रडत नाहीत, सिस्टरसुद्धा म्हणतात."

मग रंजनाने विचारलं. दिवसभरात तिने स्वतःहून विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता.

"मान्सांची कूस बदलता का तुमी तितं?"

"हो. वेळेवर बदलावीच लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. का गं?"

"कशी?"

"कशी म्हणजे? दोघी असतो. एकटीने नाही करत कुणी, एकटीने केलं तर स्वतःचीच कंबर जाईल. पेशंटच्या अंगाखाली एक दुमडलेली चादर घालून ठेवतो. इकडून एकीने धरायची, तिकडून एकीने, आणि एकदम सरकवायचं. काही जोर लागत नाही."

चादर.

रंजना रस्त्याकडे बघत राहिली. घरात चादर होती. फाटकी होती, पण होती. बाच्या अंगावर घालायची. ती अंगाखाली घालायची असते हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण सांगायला कुणी आलंच नव्हतं. खांद्याखाली एक हात, कमरेखाली एक हात... त्या ओढण्यात मग बा कण्हायचा, आणि तिला वाटायचं आपल्याला जोर कमी आहे. तिच्या हातांना आत्ता, या स्टुलावर, ते वजन आठवलं, जसंच्या तसं. आणि त्याच वेळी असंही वाटलं की ज्या गोष्टीला ती घाबरत होती ती गोष्ट आणि करिष्मा जे रोज करते ते, ही एकच गोष्ट नसावी. पण हे वाटणं आलं तसं गेलं. बशीतला चहा गार झाला होता.

*

कामशेतपर्यंत जीप, तिथून वडिवळ्यापर्यंत रिक्षा, आणि पुढे वाडीची चढण. चढण तिला कधीच जड जात नसे. चढताना माणूस आपोआप पुढे झुकतो. ती भराभर वर निघाली, आणि खालून करिष्मा म्हणाली, "बघ, कशी चाललीयेस! मला मागे टाकलंस." रंजना मागे न बघता चढत राहिली. चढता येतं, अगं. उतरता येत नाही. उताराला पाठ मागे जाते, पाय धरतात. रोज सकाळी ही वाट उतरताना ती झुडपं धरधरून, आडवी होत उतरायची. वर घर होतं आणि खाली सगळं जग, आणि तिचं शरीर तिला एकाच दिशेला जाऊ देत होतं. खाली धरणाचं पाणी स्वच्छ, सपाट पडलं होतं. तिने तिकडे पाहिलं नाही.

चिंगाबाई अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"काय म्हनला डाक्तर?"

रंजना पायरीवर बसली. हेच ते. याच क्षणासाठी तिने डॉक्टरांचं वाक्यन् वाक्य जीपमध्ये घोकून ठेवलं होतं. आता बोलायचं, अगदी हळू, एकेक शब्द, म्हणजे म्हातारीला प्रत्येक शब्द बसेल. पण तिच्याआधी करिष्माच बोलली.

"आज्जी, आईच्या मणक्यातली नळी बारीक झालीय. तिच्यातनं पायाच्या नसा जातात. म्हणून तिला सरळ चाललं की पाय भरून येतात, चालवतच नाही. आणि वाकलं किंवा बसलं की बरं वाटतं. ती काही नाटक करत नव्हती."

शेवटचं वाक्य करिष्माने मुद्दाम म्हटलं. रंजना सासूच्या तोंडाकडे बघत राहिली. आता. आता पडेल ते तोंड.

चिंगाबाईच्या हातातली शेंग अर्धी सोलून तशीच राहिली.

"वाकलं की बरं वाटतं," ती म्हणाली. "ती बिमारी हाय?"

"हो, आज्जी."

"म्हंजी..." म्हातारीने शेंग सुपात ठेवली. "सगळ्यांस्नी न्हाई व्हत तसं?"

खालच्या शेतात कुणीतरी बैलांना हाकारत होतं.

"आगं, मला वाटलं चालनं असंच असतं," चिंगाबाई म्हणाली. तिने ते कुणालाही उद्देशून म्हटलं नाही. "जवान व्हते तवापासून. थोडं चालावं, बसावं. थोडं चालावं, बसावं. माझा मानूस वरडायचा, बसली का परत. मला वाटायचं बाकीच्या बायांस्नी सोसतं आन् मला सोसत न्हाई. मंग मीबी सोसाया शिकले... तू पाय धराया लागलीस तवा वाटलं, हिला काय झालं सोसाया? मला कुनी बसू दिलं व्हतं का?"

रंजनाला दिसलं. सासूचं ते बसणं तिने लग्न होऊन आल्यापासून पाहिलं होतं. कामशेतच्या बाजाराला जाताना प्रत्येक बांधावर, प्रत्येक दगडावर, आणि पुढे जाऊन थांबलेला सासरा, हातातली काठी आपटत. ती बसते कारण ती तशीच आहे, असं सगळ्यांनी धरलं होतं, रंजनानेही. म्हातारी कमरेत मोडली तेव्हा वय झालं म्हटलं. एवढी वर्षं दोघी एका घरात, एका चुलीशी, आणि दोघींचे पाय एकाच ठिकाणी भरून येत होते... खरंच तेच असेल का? कोण जाणे. कोण बघणार आता आत.

"दाव तरी कुटं कापत्यात," चिंगाबाई म्हणाली, आणि हातांवर जोर देत, बसल्या जागीच, सुनेकडे पाठ करून वळली. "माझ्या पाठीवर दाव. बोट लावून."

रंजनाने हात पुढे केला. या बाईच्या अंगाला तिने कधी हात लावला होता ते तिला आठवेना. लुगड्याच्या खाली पाठीची हाडं एकेक वर आलेली, उन्हाने तापलेली. तिचं बोट त्यांच्यावरून खाली उतरत गेलं, एक, मग एक, मग कमरेपाशी एकदम आत गेलं, जिथे हाड असायला हवं तिथे एक खळगा होता, आणि त्याच्या खाली हाडाचा काठ. तिचं बोट तिथे थांबलं. म्हातारीने श्वास घेतला, पण ती हलली नाही.

"हितं," रंजना म्हणाली.

"हितंच जळतं," चिंगाबाई म्हणाली.

पाणी आणायला आत गेलेल्या करिष्माचा फोन वाजला. ती बोलत बोलत दारात आली आणि फोनवर हात धरून म्हणाली, "आई, हॉस्पिटलमधून आहे. तारीख धरून ठेवू का म्हणतायत. काय सांगू?"

डॉक्टर काहीही करायला सांगोत, सकाळी निघतानाच रंजनाने 'नाही' बरोबर घेतलं होतं. मशीनमध्ये ते तिच्या मुठीत होतं, डॉक्टरांपुढे होतं, टपरीवर ते थोडं डळमळलं तरी चढण चढताना पुन्हा घट्ट बसलं होतं. आणि त्या 'नाही'च्या मागे राग होता, आणि त्या रागाला हे घर, हे अंगण, ही पाठ होती. आता ती पाठ तिच्या बोटाखाली होती आणि राग कुठे ठेवला होता ते सापडत नव्हतं. ती शोधत होती, खरंच शोधत होती. त्याच्याशिवाय उद्या सकाळी उठायचं कसं? भीती मात्र तशीच होती. बाचे डोळे तसेच वाशांना लागलेले होते. पण त्या सगळ्याच्या मध्ये, जिथे इतके दिवस उत्तर तयार असायचं, तिथे काहीच नव्हतं, आणि तिथून काय निघेल ते तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

"आई?"

"थांब जरा," रंजना म्हणाली. तो आवाज हो म्हणणाऱ्याचा नव्हता, नाही म्हणणाऱ्याचाही नव्हता. तो कुणाचा होता हे ती ऐकत राहिली.